रोवणीचा अनुभव: एकेचाळीस वर्षे

९ जून, रविवार

आज उपासना संपल्यावर पास्टर उदारामांनी मला थांबवलं आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. नागपूरच्या संस्थेचं पत्र होतं. आफ्रिकेत मलावी नावाचा देश आहे, तिथं तळ्याकाठच्या एका गावात आपल्यासारखीच छोटी ख्रिस्ती मंडळी आहे. तिथल्या बाया धान नुसतं फेकून पेरतात आणि पीक हाती लागत नाही. त्यांना रोवणी, म्हणजे रोपं करून ती चिखलात लावणं, शिकवायला आपल्याकडून एक शेतकरी न्यायचा आहे, जानेवारीपासून दोन महिने. पास्टरांमार्फत मी केलेला अर्ज मंजूर झाला.

तिथून थेट आमगावच्या बाजारात गेलो आणि ही वही घेतली. घरी आल्यावर रुख्मा म्हणाली, "भाजी आणाले गेले आन् वही घेऊन आले." अशा दिवशी भाजी कोणाच्या लक्षात राहते, हे तिला कोणी सांगावं.

वहीची सुरुवात दरेकशापासून करायला हवी. सोळा वर्षांचा होतो. मे महिन्यात तिथं मंडळीचं शिबिर होतं, मोहाच्या झाडांखाली तट्ट्यांचा मांडव. संध्याकाळी एका पाहुण्यानं पांढऱ्या चादरीवर आफ्रिकेची चित्रं दाखवली. समुद्रासारखं तळं, लाल रस्ता, डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया. शेवटी त्यानं विचारलं, "यांच्यामध्ये सेवेला कोण जाईल?" मी हात वर केला. वडील शेजारी बसले होते, त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू त्याच रात्री निघणार होतो. तीन वर्षांनी वडीलच गेले आणि नांगर माझ्या हाती आला. त्यानंतर दरवर्षी मे महिना लागला की मोहाचा वास येतो आणि मला ती चादर आठवते.

एकेचाळीस वर्षं झाली. देव विसरला नव्हता, एवढंच आज लिहितो.

१२ जून, बुधवार

पत्रासोबत एक फॉर्म आला आहे. 'रोवणीचा अनुभव' या रकान्यात मी सोळाव्या वर्षापासून मोजून 'एकेचाळीस वर्षे' असं ठळक लिहिलं. खाली तालुक्याच्या पीक स्पर्धेत मिळालेलं बक्षीसही लिहिलं.

चंचलनं मोबाईलवर त्यांच्या भाषेचे धडे काढून दिले. आमची ही एकुलती एक मुलगी, गोंदियाला कॉलेजात शिकते, इंग्रजी चांगलं आहे तिचं. 'कसे आहात'ला ते लोक 'मुली ब्वांजी' म्हणतात. मी सकाळपासून घोकतो आहे, पण उत्तर काय द्यायचं ते डोक्यात राहत नाही. स्वयंपाकघरातून रुख्मा म्हणाली, "न्दिली ब्विनो." भाकर थापता थापता तिनं कधी पाठ केलं कोणास ठाऊक. बायकांना नको तिथं लक्ष द्यायची सवयच असते.

२८ जून, शुक्रवार

पऱ्हे छान उगवले आहेत, वाफ्यात हिरवी सतरंजी अंथरल्यासारखी रोपं दिसतात. पंधरा-वीस दिवसांत बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, रोवायला येतील.

संध्याकाळी नकाशा उघडून बसलो. रुख्मा दारात उभी राहून बराच वेळ पाहत होती. मग म्हणाली, "तिथं माती कशी आहे?" मी म्हणालो, नकाशात माती दिसत नाही. "मंग विचारून घ्या ना. चिकट मातीत बोटं वेगळी चालतात," असं म्हणून ती गाईकडे गेली. मी देश, राजधानी, तळ्याची लांबी-रुंदी सगळं लिहून काढलं आहे. मातीचं राहिलं.

१६ जुलै, मंगळवार

रोवणी सुरू झाली. काल माझी चिखलणी संपली. आमच्याकडची रीत कोणी वाचलं तर कळावी म्हणून लिहितो: नांगर, चिखल, बांधीभोवतीचे धुरे, खत, पाणी हे पुरुषाचं. पऱ्हे खोदून त्यांच्या जुड्या बांधणं दोघांचं. रोवणी बायांची. सकाळी बारा बाया ओळीनं उतरल्या, साडीवर नवऱ्यांचे जुने फुलबाह्यांचे शर्ट, कंबरेत वाकून मागं मागं सरकत. मी धुऱ्यावर उभा राहून जुड्या फेकत होतो.

आमची रुख्मा लग्न होऊन आली तो पावसाळा आठवला. एकोणीस वर्षांची होती. मी मुद्दाम तिच्याजवळ जुड्या फेकायचो, चिखल तिच्या तोंडावर उडायचा आणि ती वर न पाहता म्हणायची, "आंधळ्यावाणी काऊन फेकून राहिले?" बाया हसायच्या. तेव्हा बायांची गाणी बोडीच्या, गावच्या छोट्या तळ्याच्या, पाळीपर्यंत ऐकू यायची. आता खिशातला मोबाईल गातो. ते दिवस आठवले की छातीत दुखल्यासारखं होतं, पण गोड दुखतं.

१९ जुलै, शुक्रवार

संस्थेच्या रीता मॅडमचा नागपूरहून फोन आला. मलावीच्या लोकांना आधी दाखवायला पाच मिनिटांचा व्हिडिओ हवा आहे. माझे हात रोप लावताना दिसावेत आणि सोबत मी समजावून सांगावं. आजच्या आज पाठवा, म्हणाल्या.

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण ही वही कोणाला दाखवायची नाही.

मी पँट वर करून बांधीत उतरलो. चंचलनं मोबाईल धरला. मी जुडी सोडली, रोपं घेतली, चिखलात खुपसली आणि बोलू लागलो, "प्रिय बंधुभगिनींनो." चंचल म्हणाली, "बाबा, रोप पोहून राहिलं." खरंच, लावलेलं रोप पाण्यावर तरंगत धुऱ्याकडे निघालं होतं. दुसरं खोल खुपसलं, ते शेंड्यापर्यंत बुडालं. बारा बाया कंबर सरळ करून पाहू लागल्या. एकीनं विचारलं, "भाऊ, कोणता प्रकार आहे हा?"

चाळीस वर्षांत मी कधी रोप लावलंच नव्हतं. हे मला आज बांधीत उभं राहून कळलं. दर पावसाळ्यात लोक विचारायचे, रोवणी झाली का, आणि मी सांगायचो, तीन एकर रोवून टाकलं. सगळे पुरुष असंच सांगतात. खोटं बोलतो असं कधी वाटलंच नाही.

रुख्मा माझ्या जागी येऊन उभी राहिली. अंगात माझाच शर्ट होता. हातातल्या बांगड्या दिसतील म्हणून तिनं त्या एकेक करून काढल्या आणि पदरात बांधल्या. लग्नानंतर तिचे हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते. मनगटावर बांगड्यांच्या जागी पांढरट वळ होते. मी म्हणालो, "लवकर कर." चंचलनं फक्त हात दिसतील असा व्हिडिओ काढला आणि मी धुऱ्यावर बसून बोललो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच असावं.

२४ जुलै, बुधवार

रीता मॅडमचा निरोप: 'भाऊ, काय हात आहेत तुमचे. पाहतच राहावंसं वाटतं.' मी 'धन्यवाद, प्रभूची कृपा' असं उत्तर पाठवलं. पाठवल्यापासून जेवण गोड लागत नाही.

रुख्माला म्हणालो, मला शिकव, अजून दोन बांध्या बाकी आहेत. वही घेऊनच गेलो. किती खोल, विचारलं. "माती धरते तितकं." दोन रोपांत अंतर किती? "त्यायले जेवढं लागते तेवढं." असं वहीत कसं लिहायचं? शेवटी तिनं माझा हात धरला आणि माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून रोप मातीत सोडलं. अंगठा आणि दोन बोटं, मुळं आधी तिरपी, मग सरळ. आत गेलेलं रोप मातीनं कसं धरलं ते माझ्या बोटाला कळलं. तिनं हात काढल्यावर पुन्हा कळेना.

तासाभरात कंबर गेली. रात्री तिनं तेल लावलं. तिच्या कंबरेला मी कधी तेल लावलं का, हे आठवत बसलो. आठवलं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

आज मंडळीत पास्टरांनी मला पुढं बोलावून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मुलांनी कागदाचं विमान माझ्या हातात दिलं. रुख्मा बायांच्या बाजूला शेवटच्या सतरंजीवर बसली होती. खाली पाहत होती. दमली असावी.

अकरा दिवसांत मला रोज थोडं थोडं येऊ लागलं आहे. शंभरातली साठ रोपं उभी राहतात. अजून पाच महिने आहेत, पण लावायला बांधीच उरली नाही. परसात टोपल्यात चिखल भरून सराव करतो. शेजारचे विचारतात, काय लावलं? मी म्हणतो, प्रयोग आहे.

११ ऑगस्ट, रविवार

दुपारी रीता मॅडमनी मलावीच्या बायांशी व्हिडिओवर भेट घालून दिली. पंधरा-वीस जणी एका झाडाखाली बसल्या होत्या. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. 'मुली ब्वांजी' बरोबर जमलं, त्या खूश झाल्या. त्यांचं कोणी इंग्रजीत सांगायचं आणि चंचल मला मराठीत.

एका वयस्क बाईनं विचारलं, रोवल्यावर दोन दिवसांत खूप पाऊस झाला आणि रोपं आडवी पडली, तर काय करायचं? मी म्हणालो, उपटून पुन्हा लावा.

मागून आवाज आला, "नाई. सांग त्यायले, हात नोका लावू. पाणी उतरू द्या. तीन दिवसांत आपोआप उभी राहते." रुख्मा दारात उभी होती, हाताला पीठ लागलेलं. चंचलनं तेच इंग्रजीत सांगितलं. ती बाई पुढं सरकून म्हणाली, ही कोण बोलली, हिला दाखवा.

मग मी खुर्ची दिली. रुख्मा आधी अवघडून बसली. त्यांनी विचारलं, मूल पाठीशी बांधून रोवता येतं का? ही हसली, म्हणाली, येतं, पण मूल वाकून पाण्यात हात घालतं. तिकडच्या बायाही हसल्या. पिठाचा हात पुढं करून तिनं बोटं कशी धरायची ते हवेतच दाखवलं, आणि तिकडे पंधरा हात हवेत उठले. त्यांच्यात आणि तिच्यात चंचलसुद्धा मागं पडली, इतकं भराभर चाललं होतं. पाऊण तासानं मी उठून गाईला पाणी दाखवायला गेलो. गाईला तहान नव्हती.

१२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी चहा पिताना विचारलं, "तुले कधी जावं वाटलं का? तिकडे?"

ती बशीत चहा ओतत राहिली. मग म्हणाली, "दरेकशाच्या शिबिरात मीबी होती. बारा वर्षांची. त्या पाहुण्यानं विचारलं, कोण जाईल, तवा मीबी हात वर केला होता. तो पोरायकडेच पायत होता. पोरींकडे त्याची पाठ होती."

मी म्हणालो, "चौतीस वर्षांत सांगितलं काऊन नाही?"

"तुमी रोज तुमच्याच हाताचं सांगत होते. मी कवा सांगू?"

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ती उठून कपबशा धुवायला गेली.

१५ ऑगस्ट, गुरुवार

तीन दिवस प्रार्थना करतो आहे, पण खरं सांगायचं तर देवाकडे उत्तर मागत नाही. उत्तर माहीत आहे, ते बदलून मागतो आहे.

आज पास्टर उदारामांकडे गेलो आणि व्हिडिओचं सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "गजेंद्रभाऊ, नवरा-बायको एकच देह. तिचे हात ते तुमचेच हात. मनात नका ठेवू." मला हेच ऐकायचं होतं म्हणून गेलो होतो. ऐकल्यावर अजूनच वाईट वाटलं. मग तिची कंबरदुखी कधी माझी का झाली नाही, असं मनात आलं आणि तसाच सायकलवर बसून घरी आलो.

मला जायचं आहे. हे लिहून ठेवतो. सोळाव्या वर्षापासून दुसरं काही मागितलं नाही, आणि मला फार जायचं आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

रीता मॅडमना फोन केला. व्हिडिओतले हात माझे नाहीत, रुख्माचे आहेत, असं सांगितलं.  त्या म्हणाल्या, जागा एकच आहे. मी म्हणालो, माहीत आहे, तिचं नाव लिहा. फोन ठेवल्यावर धुऱ्यावर जाऊन बसलो आणि रडलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस धानाच्या बांधीकडे तोंड करून रडतो, हे बरं दिसत नाही, पण तिथं बगळ्यांखेरीज कोणी नव्हतं.

घरी येऊन रुख्माला सांगितलं. वाटलं होतं ती नको नको म्हणेल आणि मी समजूत काढीन. ती चिडली. "मले न विचारता नाव काऊन देलं?"

मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर दिलं.

"तवाही कोणं विचारलं नाही, आताही नाही," म्हणाली आणि दोन दिवसांसाठीची जळणाची लाकडं एका दमात फोडून काढली. मला काही कळेना. चंचल म्हणाली, "बाबा, तुमी आता काही बोलू नका."

२१ ऑगस्ट, बुधवार

आज रुख्मा स्वतः बोलली. "मी जाईन. पण तुमी देऊन राहिले म्हणून नाही. मले जायचं आहे असं मीच मॅडमले सांगते. फोन लावून द्या." लावून दिला. ती अंगणात जाऊन बोलली, दहा मिनिटं. काय बोलली ते सांगितलं नाही.

शेवटी तीच जाणार आहे. मी म्हटलं काय आणि तिनं म्हटलं काय, फरक काय पडतो ते मला समजत नाही. पण ती आज जेवताना गुणगुणत होती, एवढं खरं.

३ ऑक्टोबर, गुरुवार

पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस घरी आले. बाईंचं काम काय, विचारलं. मी सवयीनं म्हणालो, घरकाम. रुख्मानं पाण्याचा पेला त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "शेतकरी लिवा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, तेच लिहा.

धान पोटरीत आलं आहे, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात आहेत. यंदा मी रोवलेल्या साठ टक्क्यांतलंही बरंचसं उभं आहे. बाकीच्या जागा रुख्मानं कधीतरी गुपचूप भरून काढल्या, त्या आता ओळखू येत नाहीत.

५ जानेवारी, रविवार

मंडळीनं रुख्मासाठी प्रार्थना केली. मलाही उभं राहायला सांगितलं. तिच्या प्रवासातल्या नागपूरपर्यंतच्या टप्प्यासाठी मी मनापासून प्रार्थना केली. विमानाचं आलं की मन मीच खिडकीजवळ बसल्याचं पाहायला लागायचं. दोनदा परत आणलं. तिसऱ्यांदा आणलं नाही.

६ जानेवारी, सोमवार

गोंदिया स्टेशनवर तिला गाडीत बसवलं. नागपूरला रीता मॅडम भेटणार आहेत. तिनं नवी साडी आणि पायात चंचलचे बूट घातले होते. मी सूचना देत राहिलो: पासपोर्ट पिशवीच्या आतल्या खिशात ठेव, पाणी उकळून पी, कोणी काही दिलं तर घेऊ नकोस. ती हाव, हाव म्हणत होती. गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतून विचारलं, "तुमाले राग तर नाही ना?"

मी म्हणालो, "आहे. पण तुझा नाही."

परत येताना चंचल माझ्या हातात हात घालून चालत होती. लहानपणी आमगावच्या बाजारात हरवू नये म्हणून मी तिचा हात असाच धरायचो. आता कोण कोणाला धरून होतं, सांगता येणार नाही. घर फार मोठं वाटतं आहे. वरण खारट झालं.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुपारी फोन आला. आज त्यांनी पहिली बांधी रोवली. रुख्माचा आवाज वाऱ्यात तुटत होता. माती लाल आहे, चिकट आहे, बोटं थोडी वेगळी चालवावी लागतात, म्हणाली. तळं कसं आहे, विचारलं. "डोळ्यांत मावत नाही," म्हणाली आणि मग, "तुमाले पायजे होतं पायाले." मी हो म्हणालो. ते खरंच आहे.

मग म्हणाली, "या बाया विचारून राहिल्या का तुले हे कोणं शिकवलं. मी म्हटलं, सासूनं. लगन झालं त्या वर्षी तुमच्या मायनं माहा हात धरून शिकवलं होतं. मंग यायनं सासूचं नाव विचारलं. मी सांगतलं. आता यायले ते जमून नाही राहिलं, आन् सोडूनबी नाही राहिल्या. आयका."

तिनं फोन दूर धरला असावा. वारा आला, पाण्याचा आवाज आला, आणि मग पंधरा-वीस बायांचे आवाज एकदम आले, हसत, अडखळत: "शा-मा-काला. शा-मा-काला."

माझी आई आमगावच्या बाजारापलीकडे कधी गेली नाही. गावात सगळे तिला गजेंद्रची माय म्हणायचे, वडीलसुद्धा. तिचं नाव मी एकदाच मोठ्यानं घेतलेलं ऐकलं होतं, बावीस वर्षांपूर्वी, तिला माती देताना, पास्टरच्या तोंडून.

रुख्मा विचारत होती, "आयकू आलं का? अवो, आयकू आलं का?"

 मी म्हणालो, "पुन्हा एकदा म्हणायला सांग."